बाबांच्या वाट्याचा तुकडा

आमच्या दिग्रसच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची भाकर, प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळे खातात ती, एकच बाई करायची. मंडळी म्हणजे सारी मिळून वीस-पंचवीस घरं, त्यातलीही निम्मी पोरं पोटापाण्यासाठी पुण्या-नागपुरात. महिन्याच्या पहिल्या रविवारी यवतमाळहून आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, एसटीने येत आणि आदल्या दुपारी मी मावशींकडे मनुका धुवायला जाई. मावशी आमच्या नात्यातल्या नव्हत्या. सरकारी दवाखान्यात आया म्हणून त्यांची नोकरी झाली होती, नवरा लवकर गेला होता आणि घरात एक भाची होती. सगळी मंडळी त्यांना मावशी म्हणे, म्हणून मीही म्हणत असे.

भाकर म्हणायची, पण असायची ती गव्हाची जाड पोळी. मीठ नाही, खमीर नाही. फडक्याच्या बोळ्याने दाबून मावशी ती मंद आचेवर भाजत आणि निवली की पाटावर ठेवून सुरीने नखाएवढे चौकोन कापत. भाकरीसोबत द्यायच्या द्राक्षरसासाठी काळ्या मनुका उकळून गाळायचं काम माझं. कोण बाळंतपणाला माहेरी गेलीय, कोण आजारी आहे, कोण पुसदला लग्नाला गेलंय, हे सगळं तोंडाने बोलत त्या तुकडे कापायच्या, आणि जितकी माणसं येणार तितकेच तुकडे व्हायचे. माझा विषय गणित, जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं तेच शिकवलं, पण मावशींचा हिशेब मला कधी चुकलेला सापडला नाही.

त्यांचं एक मात्र मला खुपायचं. त्यांना स्वतःच्या तारणाची, म्हणजे देवाने आपल्याला वाचवल्याची, फार खात्री होती.

"मी मेली का थेट त्याच्यापाशी," पोळी उलटवता उलटवता त्या सांगत. "मले काई भेव नाई."

हे असं म्हणायचं, जसं कोणी म्हणावं, उद्या बाजार आहे. माझं डोकं फिरायचं. रीत न लिहिता नुसतं उत्तर लिहिणाऱ्या पोरांना मी भोपळा देत असे, आणि ही बाई एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर रीत न दाखवता लिहून मोकळी. एकदा मी बोललेच, "मावशी, पुसदच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी तुम्ही वरती जागा धरून ठेवलीय जणू."

मावशी पदराने तोंड झाकून हसल्या. "म्या नाई टाकला वं माय रुमाल. थो त्यानं टाकला. मी तं अजून खालीच उभी हाय."

मला ते उत्तर म्हणजे शुद्ध पळवाट वाटली. कारण माझ्यासमोर दुसरं उदाहरण होतं, आणि ते माझ्या घरातलं होतं.

माझे बाबा जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. बोलायला अगदी कमी, आवाज खालचा, कामाला वाघ. मी नोकरीला लागले त्याच वर्षीच्या हंगामानंतर त्यांनी प्रभुभोजन घेणं बंद केलं. आमच्याकडे पुरुष एका बाजूला आणि बाया दुसऱ्या बाजूला सतरंजीवर बसतात, वडीलधारी मंडळी स्टीलचं ताट घेऊन ओळीने फिरतात, आणि ज्याने त्याने आपला तुकडा उचलायचा असतो. पाळकसाहेब आधी बजावून सांगतात की स्वतःला पारखून मगच हात पुढे करा. बाबांपाशी ताट यायचं आणि बाबा ते तसंच शेजारच्याकडे सरकवायचे. पहिले काही महिने लोक कुजबुजले, मग सवय झाली.

त्याच वर्षापासून त्यांनी पायात काही घालणं सोडलं. मे महिन्यात डांबर वितळतं तेव्हाही अनवाणी. चहात साखर बंद. शनिवारी संध्याकाळी प्रार्थनामंदिर झाडायचं, सतरंज्या झटकायच्या, पंख्याची पाती पुसायची, हे सगळं एकट्याने. आई होती तोवर विचारायची, "काहून असं करता?" बाबा म्हणायचे, "माह्या मनाची शांती."

शांती कसली! झोपेत त्यांचे ओठ हलताना आईने पाहिले होते. आई वारली तेव्हा तिच्या मातीवरून घरी आल्यावर ते मला म्हणाले, "तुही आई वर गेली, मले माहीत हाय. मले तिच्याजवळ जाऊ देतीन का नाई, थे माहीत नाई." त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती, आपल्याला माफी आहे की नाही. आणि ती कळत नव्हती.

तरी खरं सांगते, मला तेव्हा बाबांचाच अभिमान होता. माणूस असा असावा, असं वाटे. चुकीचं काही झालं असेल ते असो, त्याची झळ स्वतःला लावून घेतोय. मावशींसारखं फुकटचं मिरवत नाही. आमच्या भागात प्रायश्चित्त म्हटलं की लोकांना हेच कळतं: उपास, अनवाणी चालणं, काहीतरी सोडणं. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, पण हाडातलं कुठे जातं?

चौदा वर्षं अशी गेली.

आमच्याकडे प्रभुभोजनाचे उरलेले तुकडे फेकत नाहीत. उपासना संपली की ताटं धुणाऱ्या बायांनीच ते खाऊन संपवायचे असतात. एका रविवारी मी आणि मावशी मागच्या नळावर ग्लासं विसळत होतो. ताटात एकच तुकडा उरला होता. मावशींनी हात पुसला, पदर डोक्यावर घेतला, तो तुकडा खाल्ला आणि क्षणभर डोळे मिटले. मला एकदम उमगलं की दर महिन्याला एकच तुकडा उरतो, कधी दोन नाही, आणि मावशी तो असाच खातात.

"मावशी, तुमचा हिशेब इतका पक्का. मग एक तुकडा जास्तीचा का कापता?"

"जास्तीचा नाई. तुह्या बापाचा हाय."

"ते तर घेत नाहीत."

"आज नाई घेत. उद्या घ्याचा झाला, अन् ताटात नसला मंग?"

मी ग्लास हातात धरून तशीच उभी राहिले. चौदा वर्षं दर महिन्याला या बाईने माझ्या बापाच्या नावाचा तुकडा कापला होता, आणि कोणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मी तिला गर्विष्ठ म्हणत होते.

मावशी तिथून सरळ आत गेल्या. बाबा सतरंजी गुंडाळत होते, बाकी सगळे गेले होते.

"फिटरभाऊ," मावशी म्हणाल्या, "चौदा वर्सं झाले, तुमचा वाटा मी खाऊन राह्यली."

बाबांनी वर पाहिलं. "कोनता वाटा?"

"भाकरीचा. दर महिन्याले तुमच्या नावानं कापनं होते, अन् थो तसाच वापस येते. टाकता येत नाई, म्हनून मलेच खावा लागते."

"मी त्या लायक नाई, बाई."

"तुमच्या वाट्याची शिक्षा प्रभूनं वधस्तंभावर घेतली. आता तुमच्या वाट्याची भाकरही दुसऱ्यानंच खावा का? मंग तुमच्या वाट्याले तुमी ठेवलं तरी काय?"

बाबा गुंडाळलेल्या सतरंजीवरच बसले. आणि त्या खालच्या आवाजात त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकलं.

जिनमध्ये कापूस अडकला की मशीन थांबवायची, बाया हात घालून तो काढायच्या. मशीन परत सुरू करण्याआधी फिटरने मोठ्याने आवाज द्यायचा आणि बायांकडून 'हो' आलं की मगच बटण दाबायचं, असा तिथला रिवाज. त्या दिवशी कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत लागल्या होत्या, सगळे घाई करत होते. बाबांनी आवाज दिला नाही. एका बाईची उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशी झाली तेव्हा बाबा म्हणाले, मी आवाज दिला होता, तिनेच ऐकला नाही. सगळ्यांनी मान डोलावली, कारण बाबा खोटं बोलणारे नव्हते. त्या बाईला निष्काळजी ठरवून कामावरून काढलं.

मला वाटलं, आता मावशी म्हणतील, झालं गेलं, प्रभूने क्षमा केली. त्यांच्याकडे खात्रीचा साठा होताच. पण मावशींनी विचारलं, "हे चौदा वर्सं देवाले सांगून राह्यले तुमी. तिले सांगतलं का?"

"नाई."

"मंग तिले सांगा."

त्याच आठवड्यात आम्ही गेलो. बाबा म्हणाले, तू संग चाल, नाही तर मी गल्लीतूनच वापस येईन. बुद्धविहाराच्या मागची गल्ली, तिसरं घर. ती बाई दारातच विळीवर भेंडी चिरत होती. तीन बोटांच्या हातात भेंडी, आणि काम इतकं सराईत की माझी नजर तिथेच अडकली. तिच्या सुनेने पाणी आणून दिलं. बाबांनी तांब्या हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"त्या दिवशी मी आवाज दिला नवता," ते म्हणाले.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "मी तं तिथंच होती."

मग बाबा म्हणाले, "मले माफ करा, बाई."

तिने विळी आडवी केली. "बोटं गेली थे गेली. मशीनीत कोनाचेही जातेत. पन त्या दिवसापासून या गल्लीत मले बहिरी म्हनतेत. माह्या पोराच्या सोयरिकीच्या वक्ती पावन्याईनं इचारलं, सासू बहिरी हाय म्हनते, खरं का? मी बहिरी नवती. आवाजच नवता. तुमचा देव तुमचं पाहून घेईन. तुमी थे बाहीर जाऊन सांगा."

नळ यायची वेळ होती. गल्लीत बायांच्या गुंड्या-बादल्यांची रांग लागली होती, ओट्यांवर माणसं बसली होती. बाबा रांगेच्या मधोमध जाऊन उभे राहिले. ज्या माणसाचा आवाज मी घरात कधी भिंतीपलीकडे गेलेला ऐकला नव्हता, तो माणूस ओरडला, "मी जिनचा फिटर! मशीन चालू करतानी मी आवाज दिला नवता! हे बाई बहिरी नाई! मी खोटं बोललो!" एका ओट्यावर कोणी हसलं. बाबांनी तेच पुन्हा, त्याहून मोठ्याने सांगितलं. मग कोणी हसलं नाही. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "मंग इतके दिवस कुठं होता रे बापा?" बाबा म्हणाले, "भेत होतो."

मी लाजेने आणि अभिमानाने एकाच वेळी रडत होते. जो आवाज चौदा वर्षांपूर्वी द्यायचा होता, तो बाबांनी आज दिला. ती बाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. 'माफ केलं' असं ती म्हणाली नाही. बाबांच्या पायांकडे बघून एवढंच म्हणाली, "आता चपला घाला. तुमचे पाय पोळल्यानं माही बोटं येनार नाई."

ती आमच्या धर्माची नाही, तिला आमचा वधस्तंभ ठाऊक असायचं कारण नाही. पण बाबांची चौदा वर्षांची रीत कुठे चुकली, ते तिने एका वाक्यात दाखवून दिलं. मी एवढी गणिताची बाई, मला ते दिसलं नव्हतं.

पुढच्या पहिल्या रविवारी बाबा नव्या चपला घालून आले. पांढराशुभ्र सदरा, दाढी गुळगुळीत. दारात मावशी भेटल्या तेव्हा मान ताठ करून म्हणाले, "बाई, आज मी घेनार. आता मी लायक झालो."

मला इतका आनंद झाला होता की वाटलं, मावशींनी त्यांना मिठीच मारावी. पण मावशींचा चेहरा पडला.

"भाऊ, काल लायक नवते म्हनून नाई घेतली, अन् आज लायक झाले म्हनून घेता? मंग त्याले वधस्तंभावर जावाच कायले लागलं? तिच्याकडे गेले थे चांगलं केलं. थे तिचं होतं, तिले दिलं. पन तेवढ्यानं ह्या ताटावर हक्क नाई लागत."

बाबांचा चेहरा लाल झाला. मीही चिडले. म्हटलं, काय बाई आहे ही! घेत नव्हते तेव्हा मागे लागली, आणि आता घेतो म्हणतात तर आडवी येतेय. बाबा आत जाऊन भिंतीला टेकून बसले. उपासनाभर त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, गेलं, आता हा माणूस पुन्हा कधी हात पुढे करायचा नाही.

ताट पुरुषांच्या बाजूला फिरू लागलं. बाबांपाशी आलं, थांबलं. मी बायांच्या बाजूने मान वाकडी करून बघत होते, अगदी निर्लज्जपणे. बाबांनी तुकडा उचलला नाही. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पुढे धरली, रेशनच्या दुकानासमोर एखाद्या भुकेल्याने धरावी तशी. ताट धरणारा गोंधळला. मग त्याने स्वतःच एक तुकडा त्या ओंजळीत ठेवला. बाबांनी तो खाल्ला, आणि हुंदके देऊन रडले, सगळ्यांसमोर.

त्या दिवशी ताट रिकामं परत आलं. मावशींनी ते नळावर उलटं करून मला दाखवलं आणि पोरीसारख्या हसल्या.

बाबांना लगेच खात्री आली, असं मी म्हणणार नाही. पुढेही कधी कधी ते घाबरत. पण घाबरले की आता अनवाणी चालत नसत, मावशींच्या ओट्यावर जाऊन बसत. भाकर करायलाही ते तिथेच शिकले. हर्नियाच्या ऑपरेशनला आत नेताना मी त्यांचा हात धरला, तर मलाच म्हणाले, "माहं काई खरं नाई. पन त्याचं खरं हाय." आणि साखरेचा चहा? तो तर दिवसाला पाच वेळा! डॉक्टरांनी शेवटी तंबी दिली.

दोन वर्षांपूर्वी मावशी विसरू लागल्या. आधी गॅस, मग माणसं. भाचीला 'सिस्टर' म्हणू लागल्या, मला तर ओळखेनाच. एकदा मी त्यांच्याजवळ बसून प्रभूची प्रार्थना म्हणायला घेतली, तर दुसऱ्या ओळीवर त्या थांबल्या आणि रिकाम्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहू लागल्या. मी घरी येऊन बाबांवरच राग काढला. "तिला आता देवही आठवत नाही. मग तिची ती खात्री कुठे गेली? थेट त्याच्यापाशी जाणार होती ना?"

बाबा मळलेली कणीक झाकत होते. मावशींना जमेना तेव्हापासून मंडळीची भाकर तेच करतात. मावशींपेक्षा जाडी, कडेला जरा करपलेली.

"रुमाल कोनं टाकला होता?" त्यांनी विचारलं. मावशींचं ते वाक्य मीच त्यांना कधीतरी चिडून सांगितलं होतं.

बत्तीस वर्षं मी ज्या रीतीचा आग्रह धरला ती इथे होती, आणि मावशींनी ती पहिल्याच दिवशी दाखवली होती. त्या स्वतःच्या आठवणीवर, चांगुलपणावर, विश्वासाच्या जोरावरही उभ्या नव्हत्या. दुसऱ्याने केलेल्या कामावर उभ्या होत्या. ते काम त्या विसरल्या म्हणून पुसलं जाणार नव्हतं.

गेल्या महिन्यात पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर आम्ही मावशींच्या घरी गेलो. पाळकसाहेब, बाबा आणि मी. मावशी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, केस भाचीने नुकतेच विंचरले होते. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. बाबांनी छोटी ताटली पुढे केली. तीत बाबांच्या हातच्या भाकरीचा एकच तुकडा होता, मावशींच्या नावाने कापलेला.

मावशींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यावर तळहात ठेवून तो झाकला.

"घे ना मावशी," भाची म्हणाली.

"हा नाई," मावशी म्हणाल्या. आवाज अगदी पूर्वीसारखा, ठाम. "हा फिटरभाऊचा हाय. थो येईन."

देव विसरली होती, प्रार्थना विसरली होती, समोर बसलेला माणूस कोण तेही तिला ठाऊक नव्हतं. तुकडा तेवढा राखून ठेवला होता. पाळकसाहेबांना काही कळेना, ते माझ्याकडे बघू लागले.

बाबा खाटेजवळ खाली बसले. त्यांनी हळूच मावशींचा हात ताटलीवरून उचलला आणि आपल्या हातात धरला.

"थो आला, बाई," बाबा म्हणाले. "त्यानं त्याचा खाल्ला. हा तुमचा हाय."

"खाल्ला?"

"हो. पोटभर."

"मंग बरं झालं," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. बाबांनी तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवला.